जरा पाय द्या

आमच्या दहिसरच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे शेजारी रविवारी सकाळी आपल्या जुन्या गाडीखाली शिरतात. बाहेर दिसतात ते फक्त त्यांचे पाय, आणि एका पायातली चप्पल हमखास निसटलेली.

आमचे हे गेल्यावर मी जिना उतरणंच सोडलं होतं. समजूत घालायला सगळी बिल्डिंग वर येऊन गेली. खालचे शेजारी तेवढे आले नाहीत. एका रविवारी त्यांनी खालूनच हाक मारली, "वहिनी, ब्रेकमध्ये हवा शिरलीय. जरा पाय द्या ना!"

मी चिडूनच उतरले. मी स्टिअरिंगमागे बसून ब्रेक दाबायचा आणि त्यांनी खालून नळीतली हवा काढायची. "दाबा. धरून ठेवा. सोडा." बाकी एक शब्द नाही. मग दर रविवारी तीच हाक.

परवा नाक्यावरच्या मेकॅनिकला सहज विचारलं, तर तो हसायलाच लागला. "दर आठवड्याला हवा? मॅडम, एकदा नीट काढली की वर्षभर बघायला नको."

रविवारी पुन्हा हाक आली.

"परत शिरली?" मी गॅलरीतून विचारलं.

"शिरली ना," गाडीखालून उत्तर आलं.

मी चपला घातल्या.