गाळलेला गणपती

आंबोलीचा घाट उतरताना एसटीत मी तिसऱ्यांदा पिशवी चाचपली. टॅब जागेवर होता. माझाच जीव थाऱ्यावर नव्हता. परदेशातल्या एका संग्रहालयात पडून असलेल्या चित्रकथीच्या पोथीचे फोटो त्यात होते. पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. एकेक चित्र समोर धरून ठाकर कलावंत कथा गातात. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर मिळालेले हे फोटो, ज्यांची पोथी त्यांच्या घरी पोचवायला मी निघाले होते.

कुडाळला रिक्षा केली. रिक्षावाला दोनदा रस्ता चुकला आणि दोन्ही वेळा ठासून म्हणाला, "हयसरच आसा" (इथेच आहे).

बाबल आजोबा पडवीत वाट बघत होते. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू. या पोथीची कथा पुरती येणारे आता ते एकटेच. चित्रं बघितल्याशिवाय गाणं आठवत नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. त्यांची सून सुनंदा ते शिकायला वही घेऊन तयार होती. पण आधी तिने पेज (उकड्या तांदळाचा पातळ, मऊ भात) आणि फणसाची भाजी वाढली. घाईघाईत मी तोंड भाजून घेतलं.

"पोथी गेली कशी?" मी विचारलं.

"बापाशीकडे एक सायब इल्लो," आजोबा म्हणाले. "बघून परत धाडतंय, असा तो म्हणालो."

मी टॅब त्यांच्या हातात दिला. नाकाशी धरून त्यांनी एकेक चित्र सरकवलं, शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यावर आले. तुणतुणं मांडीवर तसंच राहिलं.

"गणपती खंय गेलो?"

संग्रहालयाच्या यादीत एका फोटोपुढे 'खराब' असा शेरा होता. नुसते लाल-काळे डाग. कशाला जागा अडवायची, म्हणून तो मी पुण्यातच गाळला होता. मराठी माणूस असून श्रीगणेशाच पुसून बसले होते!

"तेका सोडून कथा सुरू कशी करतलंय?" आजोबांनी टॅब खाली ठेवला.

मी खरं काय ते कबूल केलं. मूळ फोटो मेलमध्ये होता, पण रेंज कुठे होती?

"वयर देवळाकडे गावता," सुनंदा म्हणाली. "बसा माझ्या गाडयेर."

देवळाच्या पायरीवर फोनमधलं चक्र गरगरत राहिलं. रेंज दोनदा गेली. मी येरझाऱ्या घालत होते, परतीची बस पाचची होती.

"ताई, दम धरा," सुनंदा म्हणाली. "इतकी वर्सा वाट बघितली, आता धा मिनटां."

फोटो एकदाचा उतरला. पडवीत परतल्यावर मी तो टॅबवर पहिल्या जागी घेतला आणि सुनंदाने मोठा करून दाखवला. डागांखाली सोंडेचं वळण दिसलं आणि मला माझी लाज वाटली.

"हो डाग नाय गो बाय," आजोबा म्हणाले. "कथा सुरू करताना कुंकू लावतत. ह्यां माझ्या बापाशीचा बोट."

त्यांनी करंड्यात बोट बुडवून काचेवर टेकवलं. बोट लागताच गणपती सरकला आणि पुढचं चित्र आलं. आजोबा दचकले, मग खळखळून हसले. "गणपतीच म्हणता, चल पुढे!"

तुणतुणं वाजलं. ते मध्ये अडायचे, चित्राशी डोळा न्यायचे आणि गाणं सापडायचं. सुनंदाची वही भरत गेली. पाचची बस गेली, ती मला कथा संपल्यावर आठवली.

सकाळी टॅब त्यांच्याकडेच ठेवून निघाले. आजोबा बेड्यापर्यंत (अंगणाच्या फाटकापर्यंत) आले.

"ह्यां बरा केलास. आनि खरो कागद कदी येतलो?"

"विचारते," मी म्हणाले. बोलतानाच जीभ अडखळली. तो साहेबही असंच काहीतरी बोलून गेला होता.

पुण्याला पोचल्यावर पहिलं काम म्हणून संग्रहालयाच्या यादीतला 'खराब' खोडून तिथे 'गणपती, कुंकू लावलेला' असं लिहून पाठवलं. त्याच पत्रात मूळ पोथी परत मागितली. दुरुस्तीबद्दल आभार आले. कागदाबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. मी पत्र पुन्हा धाडलं, आता तिसऱ्यांदा धाडलंय.

सुनंदाचा फोन येतो, ती शिकलेलं गाऊन दाखवते. ती थांबली की मागून आजोबांचा आवाज येतो, "कागद इलो काय गो?"