पान ‘बंद’ म्हणत नाही तोवर

रुपालीला कुणी एका जागी बसलेलं पाहिलं असेल तर त्यानं पुढं येऊन सांगावं. यवतमाळात दत्त चौकाच्या मागं कमलाकर सरांचं कम्प्युटरचं दुकान होतं, सर त्याला कंपनी म्हणत. तिथं तिची खुर्ची होती, पण त्या खुर्चीवर बहुतेक वेळ तिची ओढणीच बसलेली असे. पान उघडायला वेळ लागला की ही उठणार, खिडकीशी जाणार, परत येऊन पडद्याला म्हणणार, "चाल ना बे! झोपला काय?"

"सर्व्हर अमेरिकेत आहे, रुपाली. त्याला वऱ्हाडी कळत नाही."

"शिकंल मंग. मी नाही का त्याची भाषा शिकली, सर?"

शिकली होती हे खरं. राळेगावची पोरगी, वडील नागोराव तिथल्या कापसाच्या जिनिंगात हमाल, आई रुखमाबाई दुसऱ्याच्या वावरात वेचणीला. हिनं कॉलेजात संकेतस्थळं बनवायचं डॉटनेट शिकून घेतलं आणि ते तिला असं भिनलं, की एसटीतही ती शेजारच्या बाईला सर्व्हरच्या कागाळ्या सांगे.

दोन हजार सहा-सातचा तो हंगाम. कापसाचा भाव पडलेला, आणि सरकारी खरेदी केंद्र आज चालू तर उद्या बंद. त्यातच खेडा खरेदीचे व्यापारी गावात येऊन हूल उठवत, "केंद्र बंद झालं, घरीच द्या मले." लोक घाबरून पडत्या भावात माल देऊन टाकत. म्हणून एका संस्थेनं कमलाकर सरांकडून संकेतस्थळ करून घेतलं. केंद्रांवरचे ऑपरेटर त्यात आलेल्या मालाची वजनं भरत, आणि गावांसाठी त्यावर एक पान होतं. जिल्ह्यातलं कोणतं केंद्र चालू, कोणतं बंद, एवढंच त्यावर दिसे. मोठ्या गावांत एकेक माणूस नेमला होता. तो पान पाहून चौकातल्या फळ्यावर खडूनं लिही.

पान रुपालीनं बनवलं. ते गावोगाव समजावून सांगायलाही तीच हिंडली. पारावर उभी राहून हात हलवत सांगे, "कोनी फोन करो, कोनी येऊन शपथ घेवो, मानू नोका. पानावर दिसंल तेच खरं. बाकी सब झूट!"

लोकांना ते पटलं, इतकं पटलं की रोज सकाळी सगळी गावं एकदमच पान उघडू लागली आणि स्वस्तातला तो सर्व्हर धाप लागून बसू लागला. रुपालीनं त्यावर तोड काढली. अशा संकेतस्थळाला सेटिंगची एक मुख्य फाईल असते, कोणत्या पानानं कसं वागायचं ते त्यात लिहायचं. तिनं त्यात लिहिलं, की हे पान सकाळी एकदा बनवायचं, जपून ठेवायचं आणि दिवसभर तेच सगळ्यांना द्यायचं. दर वेळी नवं बनवायचं नाही. केंद्रांचा निर्णय सकाळीच होतो, मग हरकत काय? पान झटकन उघडू लागलं. सर खूष होते, रुपालीही खूष होती.

डिसेंबरातल्या एका दुपारी नागोरावांचा फोन आला.

"रुपे, जिनिंगातल्या केंद्राच्या गंजीले आग लागली."

"बाबा! तुमी कुठं हाये?"

"मी भाईर हाओ. सगळे भाईर हाये. पन कापूस धडधड जळून राह्यला, वाऱ्यानं ठिणग्या रस्त्यावर येतेत. केंद्र बंद केलं सायबानं. तुह्या त्या पानात लिही पटकन. संध्याकायच्याले गाड्या निघतीन खेड्यावरून. कापसाच्या गाड्या, इकडं, आगीत!"

आदल्या संध्याकाळी बैलगाड्या जुंपायच्या, रात्र रांगेत काढायची आणि सकाळी नंबर लावायचा, अशी तिथली रीत होती. रुपालीनं राळेगावपुढं ‘बंद’ लिहिलं. क्षणाचं काम. पान उघडून पाहिलं तर राळेगाव — चालू. पुन्हा उघडलं. चालू. सर्व्हर सकाळचंच पान देत होता. तिनं सांगितलं होतं तसंच वागत होता बिचारा.

तिनं राळेगावजवळच्या गावी फळा लिहिणाऱ्या वामनरावांना फोन लावला.

"वामनकाका, राळेगाव बंद झालं, आग लागली. फळा पुसा."

"कोन बोलून राह्यलं?"

"मी रुपाली. पानवाली."

"पान तं चालू दाखवते, बाई."

"ते सकायचं हाये, काका! माहे बाबा तिथंच हायेत, त्याईनं सांगतलं."

"परवा एक दलाल आलता. त्याचाबी साळा तिथंच होता म्हने." वामनराव हसले. "तूच सांगतलं ना आमाले, फोनवर भरोसा ठेवू नोका? आवाज तं कोनीबी काढते. पानावर येऊ दे, एका हातानं पुसतो."

फोन ठेवला. रुपाली टेबलाभोवती फिरू लागली.

"सर, मुख्य फाईल बदलते. पान जपायची ओळच काढते."

कमलाकर सर उठून उभे राहिले. "अगं, त्या फाईलला हात लागला की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. केंद्रांवरचे ऑपरेटर वजनं भरतायत. सगळे बाहेर फेकले जातील, अर्धवट नोंदी गायब. दिवसा तिला हात लावायचा नाही, हा नियम कुणाचा?"

"माझाच."

"नुसतं ते एक पान बदल ना."

"सगळी पानं एकत्र बांधूनच चढवली, सर, एकटं बदलत नाही. पुन्हा सगळं बांधून या लाईनवर चढवाले रात्र होईल. गाड्या थांबतीन काय तवर?"

सरांनी फोन तिच्याकडं सरकवला. मग म्हणाले, "निदान सगळ्या केंद्रांना सांग तरी."

तिनं फोनांचा सपाटा लावला. वणी म्हणाली, "दोन मिनिट द्या, मॅडम, सेव करतो." बोरी अरब म्हणालं, "करा, आमची लाईनच गेली." राहिलं कळंब. तिथला ऑपरेटर बाबूसिंग फोन उचलेना. पुन्हा लावला. घंटी वाजतेय, वाजतेय. पुन्हा. खिडकीबाहेर ऊन कलंडलं होतं.

"उचल ना रे भाऊ," रुपाली पुटपुटत होती. "उचल, बाबूसिंग, तुह्या पाया पडते."

"अजून थोडं थांबू या," सर म्हणाले.

"गाड्या जुंपल्या असतीन, सर."

तिनं ओळ काढली आणि फाईल सेव्ह केली. पडदा पांढरा झाला, तसाच राहिला. ती खिडकीशी गेली नाही. पडद्याच्या दोन्ही कडा धरून उभी राहिली. हळूहळू पान उतरलं. राळेगाव — बंद.

"वामनकाका, उघडा पान!"

"उघडून राह्यलो... हो बाप्पा. बंद हाये." पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "पोरी, गाड्या तं गेल्या ना वो."

"कुठवर?"

"फाट्यावर असतीन. थांब, माही लुना काढतो."

फोन ठेवते तोच पुन्हा वाजला.

"मॅडम! कोनं बंद केलं? कोन्या गाढवानं?" कळंबचा बाबूसिंग होता. "चार गाड्यांचं वजन भरलं व्हतं, सगळं साफ! लोक माह्या मानेवर बसून हायेत इथं!"

"मी केलं. तुमाले किती फोन लावले, दादा."

"गाड्यांच्या गलक्यात फोन आयकू येते का? काय शिकले तुमी, काय कामाचं ते शिक्षण!"

"बरोबर हाये. चिठ्ठ्या हायेत ना वजनाच्या? वाचा. मी भरते इथून."

"तुमी भरता?" त्याचा आवाज जरा उतरला. "बरं. पयलं नाव घ्या, डोंगरसिंग..."

बाबूसिंग वाचत गेला, मधूनमधून पुटपुटत शिव्याही देत गेला. रुपाली भरत गेली. शेवटचं वजन झालं तेव्हा सरांच्या मोबाईलवर वामनरावांचा फोन होता. सरांनी तो तिच्या कानाला लावला.

"पोरी, गाठलं मी त्याईले. धूर दिसून राह्यला फाट्यावरून, तवा कुठं मानलं. पन गाड्या वापस फिरवत नाहीत लोक. भरला माल घरी न्यायचा नाही म्हनते. चालू कुठं हाये ते सांग म्हनते."

रुपालीनं पडद्याकडं पाहिलं. वणी चालू, कळंब चालू, बोरी अरब चालू. पण हे सगळं केंद्रांनी सकाळीच कळवलेलं होतं. पान आता ताजं होतं, पण त्यातली खबर सकाळचीच. तिनं पडद्यावरून नजर काढली.

"काका, कळंबले न्या. कळंब चालू हाये."

"पक्कं?"

"पक्कं."

"पानावर हाये?"

"पानाचं सोडा, काका. आत्ताच तिथून शिव्या खाल्ल्या मी."