वरच्या मजल्याचं वायलं मीटर

घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी मीटर दाखवायची खोड गारखेड्याच्या खंडेरावला होती. जिन्याखाली दोन मीटरं शेजारी-शेजारी. एक खालच्या मजल्याचं, त्याच्या नावावर. दुसरं वरच्या मजल्याचं, पोराच्या, विश्वजीतच्या नावावर. युनिट वाढलं की दर चढतो, म्हणून एका घराचं बिल दोन जागी फोडायचं, ही त्याची अक्कल. बाप-लेक वायले निघाले, असं त्यानं लिहून दिलं होतं. मीटरचा माणूस तपासायला आला तवा बायकोला, दगडाबाईला, त्यानं वर पिटाळलं आणि भगुण्यात नुसतं पाणी उकळत ठेवायला लावलं. वायली चूल दिसाया पायजे ना! ती त्या पाण्यात पळी फिरवत बसली आणि मनात नवऱ्याला शिव्या घालत राहिली.

"सरकारला असं गंडवावं लागतं," खंडेराव शेजारच्या बिभीषणला सांगायचा. बिभीषणनं ते इतक्यांदा ऐकलं होतं की पुढचं वाक्य तोच आधी म्हणायचा.

खंडेरावचा आजा सोयगावकडं मेंढरं राखायचा. कोणत्या टेकाडावरनं दिलेली हाळी कुठवर जाती, हे त्या अडाणी माणसाला कळायचं. नातवानं राउटर खालच्या बैठकीत टीव्हीमागं खुपसला आणि त्याची हाळी दोन भिती आणि एक स्लॅब फोडून वर जाईल, अशी आस लावून बसला.

वर सून ज्ञानेश्वरी लॅपटॉपवर विमा कंपनीचे कॉल घ्यायची. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की नेट मान टाकायचं. कॉल तुटायचा. तिच्या साहेबानं बजावलं, आता अजून कॉल तुटले तर घरून काम बंद, पुण्याच्या हापिसात या.

हे ऐकून खंडेराव हिशोब मांडू लागला. सून पुण्याला गेली की पोरगा मागं जाणार. मग ह्याचं ऐकायला कोण? दगडाबाईनं तर कवाच सोडून दिलं होतं.

"मामा, राउटरपासनं वर एक वायर ओढू," ज्ञानेश्वरी म्हणाली. "बोटभर भोक पाडलं की झालं."

"भोक? माझ्या भितीला? अगं, जमाना वायरलेसचा हाय आन् तू वायरी ओढती व्हय!"

त्यानं नेट पुढं ढकलणारा रिपीटर आणला. ते यंत्र अर्ध्या वाटेवर, जिन्यात लावायचं असतं. ह्या गड्यानं थेट सुनेच्या टेबलाशी लावलं. जिथं रेंज पोचतच नाय तिथं यंत्र काय पुढं देणार, डोंबल? कॉल तुटतच राहिले.

मग तो पैठण गेटच्या बाजारात गेला आणि पॉवरलाईन अडॅप्टरची जोडी घेऊन आला. एक डबी राउटरला जोडून खालच्या बोर्डात, दुसरी वरच्या बोर्डात. घरातल्या लाईटीच्या वायरीतूनच नेट वर चढतं. खंडेरावनं बिभीषणला मुद्दाम बोलावलं.

"बघ आता. नवी वायर नाय, भोक नाय. डोकं लागतं त्याला."

"डोकं दिसतंय की," बिभीषण म्हणाला, "हिरवा दिवा कुठं दिसतोय?"

वरच्या डबीवर लाल दिवा होता आणि तो हिरवा व्हायचं नाव घेईना. खंडेरावनं डबी काढली, फुंकली, पुसली, थोपटली. मग दुकानदाराच्या खानदानाचा उद्धार केला. ज्ञानेश्वरीनं गुपचूप ती डबी काढून खालच्या स्वयंपाकघरात लावली. लगेच हिरवी. वर नेली, लाल.

"मामा," ती म्हणाली, "डबी चांगली हाय. वरचं मीटर वायलं हाय ना, तिथली वायरिंगच दुसरी. खालचं नेट तिकडं जायाचं कसं?"

बिभीषणला हसू आवरंना. दगडाबाई दारातून म्हणाली, "तुमीच लिहून दिलं ना, बाप-लेक वायले म्हणून? मीटरवाल्याला पटलं, डबीलाबी पटलं. उकळू का परत पाणी?"

खंडेरावनं डबी उपटून खिशात घातली. तरी भोकाचं नाव काढंना. मीटर एक करायचं तर ते त्याच्या जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी लॅपटॉप घेऊन खाली उतरली आणि राउटरजवळ, सासऱ्याच्या दिवाणावर बसली. नेट झकास. फक्त खंडेराव बिघडला. तो मोठ्यानं खाकरला की ती बोट वर करायची. मोबाईलवर भाषण लावलं की दगडाबाई येऊन बंद करायची. फाटकाशी आलेल्या बिभीषणला त्यानं दारातूनच बोंब मारली, तर लॅपटॉपातनं गिऱ्हाईक म्हणालं, "मॅडम, मागं कोण वरडतंय?"

"अवो, बाहेर बसा," दगडाबाई म्हणाली. "नोकरी घालवता का पोरीची?"

स्वतःच्या बैठकीतनं हाकललेला मालक ओट्यावर उन्हात बसला. भितीला भोक नको म्हणून सुनेची नोकरी पणाला लावताना त्याला काय वाटलं नव्हतं. तोंड बंद ठेवायचं म्हटल्यावर मात्र गडी आठवडाभरबी टिकला नाय. बिभीषणची ड्रिल मशीन घेऊन आला, ज्ञानेश्वरीनं दाखवलं तिथं स्वतःच्या हातानं भोक पाडलं आणि वायर वर ओढली. कॉल तुटायचे थांबले. पुण्याचं नाव निघंना झालं. सून वर गेली, दिवाण मोकळा झाला.

आता आलेल्या माणसाला तो मीटर दाखवत नाय, भोक दाखवतो.

"वायरीला तोड नाय," म्हणतो. "मी आधीपासनं सांगत होतो, ऐकतंय कोण?"

"आधी त्याला पाणी तरी विचारा," आतून दगडाबाई म्हणते.