मागे राहिलेल्याची घंटी

बेळगावहून जांबोटीला जाताना मोठा रस्ता सोडून डावीकडे काजूच्या बागेत उतरलं, की त्रिशलाचं फार्म लागतं. चार कौलारू खोल्या, पुढे भाताची शेतं, आणि जिथे आधीच्या मालकाचा गोठा होता तिथे आता सायकलींची शेड. त्रिशला निपाणीच्या तंबाखूवाल्या जैन घरातली सून. तिने इथे जमीन घेऊन पाहुणे ठेवायचं काढलं तेव्हा सासरचे लोक पोट धरून हसले होते. जंगलात सायकल मारायला पैसे देऊन कोण येणार? आले. कोल्हापूरहून आले, पुण्याहून आले, गोव्याकडून घाट चढून आले. इथे त्यांना सायकल मिळते, हेल्मेट मिळतं, गळ्यात अडकवायला शिट्टी मिळते. प्रत्येक फाट्यावर दगडावर पांढऱ्या रंगाने काढलेला बाण मिळतो. आणि सगळ्यांच्या मागे भीमरत्न मिळतो.

मागे राहणं हेच त्याचं काम. सगळ्यात हळू जो चालवील त्याच्याही मागे राहायचं. कुणाची चेन पडली, कुणाच्या टायरात काटा घुसला, कुणाला चढावर रडू फुटलं, की मागून हा हजर. साठीला टेकलेला, काटक अंगाचा, तोंडाने फटकळ माणूस. उभी हयात बेळगावात कॅम्पातल्या एका सायकल दुकानात पाना फिरवण्यात गेली. त्याची स्वतःची सायकल जुनी, काळी, मागे कॅरिअर आणि हँडलला पितळी घंटी असलेली. पाहुण्यांच्या भारी सायकलींना घंटी नसते, हे त्याला अजून पटलेलं नाही.

"गिअर एकवीस हायत व्हय?" तो पाहुण्याला तोंडावर विचारतो. "आन् पाय किती?"

पाहुणे आधी चिडतात आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतात.

फार्मचा एक नियम मात्र अगदी पक्का. त्रिशलाच्या स्वयंपाकघरात सूर्य मावळल्यावर चूल पेटत नाही आणि पान वाढलं जात नाही. म्हणून सगळ्यांना उजेडात आत आणायचं. शेवटी भीमरत्न यायचा आणि फाटकाला कडी घालायचा. कडीचा आवाज झाला की आत त्रिशला निर्धास्त व्हायची, सगळे आले म्हणून.

गेल्या वर्षापासून तो फाटकाला कडी घालेनासा झाला. आत यायचा, सायकल टेकवायचा आणि फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा.

"अण्णा, मागं कोण हाय का अजून?" त्रिशला विचारायची.

"बघतो," एवढंच तो म्हणायचा. मग तीच जाऊन कडी घालायची.

आता हे समजायला सुविधा कोण ते सांगायला हवं. सुविधा म्हणजे भीमरत्नची बायको. ती आशा कार्यकर्ती होती. पाड्यापाड्यावर जाऊन गरोदर बायकांची चौकशी करायची, पोरांना लस द्यायला गोळा करायची, म्हाताऱ्यांना गोळ्या पोचवायची. एसटी दिवसाकाठी आली तर आली, म्हणून ती सायकलवर फिरायची. पाहुण्यांना वाटतं इथल्या वाटा कुणी तरी नकाशात बघून शोधल्या. कसला नकाशा! या सगळ्या सुविधाच्या फेरीच्या वाटा. भातातून जाणारी, ओढ्यावरच्या फरशीवरून जाणारी, जांभळीच्या वळणाला वर चढणारी. त्रिशलाने त्याला विचारलं, "अण्णा, सायकलला चांगल्या वाटा कुठल्या?" तेव्हा त्याने न अडखळता त्याच सांगितल्या आणि दगडांवर बाणही स्वतःच काढले.

रविवारी त्याला दुकानाची सुट्टी असायची, तेव्हा तो तिच्याबरोबर फेरीला जायचा. हा आपला वाऱ्यासारखा पुढे. ती दर घरापाशी थांबणार, चहाला नाही म्हणणार, मग चहा घेणार, त्यामुळे कायम मागे. धुक्यात एकमेकांची चुकामूक व्हायची म्हणून दोघांनी एक रीत पाडली. पुढच्याने वळणावर थांबून घंटी दोनदा वाजवायची, म्हणजे, ये की गं. मागच्याने एकदा वाजवायची, म्हणजे, आले. ही रीत त्या दोघांत होती आणि तिसऱ्या कुणाला माहीत नव्हती. सांगण्यासारखं तरी काय होतं त्यात?

कोविडच्या दुसऱ्या लाटेत ती घरोघर फिरली आणि तिलाच झाला. अँब्युलन्स गावात आली, तिला बसवलं, दार लागलं. याला आत घेईनात. याने सायकल काढली आणि अँब्युलन्सच्या मागे हाणत सुटला. जांभळीच्या वळणापर्यंत तांबडा दिवा दिसत होता. पुढे तोही दिसेना. बेळगावला पोचला तेव्हा दवाखान्याच्या फाटकावर अडवलं, आणि पुढचं सगळं फाटकाबाहेरच कळलं. तोंड बघायला मिळालं नाही. प्लास्टिकात गुंडाळलेलं काही तरी लांबून दाखवलं, ते तीच असेल असं मानायचं. त्याने मानलं नाही. मोठ्याने कधी म्हणाला नाही, पण मनातून कधीच मानलं नाही.

मग एकदा पाहुण्यांच्या मागून येताना तो जांभळीच्या वळणावर थांबला आणि जुन्या सवयीने त्याने घंटी दोनदा वाजवली. मागून, धुक्यातून, एकदा उत्तर आलं.

त्याच्या अंगावर काटा आला. पण हा माणूस कुणाचा मुलगा! त्याचा बाप भरमा, बाबासाहेबांच्या मार्गाने दीक्षा घेतलेला. गावात कुणी म्हणालं जांभळीवर भूत आहे, की हा अमावास्येला मुद्दाम जांभळीखाली बसून कांदा-भाकरी खायचा आणि सकाळी गावभर ढेकर देत फिरायचा. अशा बापाच्या पोराने काय म्हणायचं? तो म्हणाला, समोर डोंगर आहे, आवाज आपटून परत येतो. त्याने पुन्हा दोनदा वाजवली. पुन्हा एकदाच आली. डोंगर दोनाला एक कसा परत देईल? हा हिशेब त्याला सुटेना, आणि कुणाला विचारायची लाज वाटली.

वळणावर जयाबाईची चहाची टपरी आहे. तिने सगळं बघितलं होतं, याचं थांबणं, वाजवणं, मान वळवून उभं राहणं.

"दादा, एक नारळ ठेव की जांभळीखाली," ती म्हणाली. "लई जणं ठेवत्यात."

"माझ्या बापानं हितं बसून भाकरी खाल्ली. आन् म्या नारळ ठेवू?"

"बापाला बायकू हाक मारत न्हवती रं तुझ्या."

तो चमकला. "तुला बी ऐकू येतंय काय?"

"मला न्हाय," जयाबाई म्हणाली. "मला तुझं तोंड दिसतंय."

नारळ त्याने ठेवला नाही. विश्वास असलेल्या माणसाचं बरं असतं. तो नारळ फोडतो, लिंबू उतरवतो, अंगारा लावतो आणि मोकळा होतो. भीमरत्नपाशी यातलं काहीच नव्हतं. त्याच्यापाशी होती फक्त एक घंटी आणि थांबायची सवय. म्हणून तो थांबत राहिला. आधी थोडा, मग बराच. ती मागून येत असेल तर आपण पुढे निघून कसं जायचं, हा त्याचा साधा सवाल होता.

शेवटी त्रिशलाने त्याला समोर बसवलं. तिला कठोर बोलता येत नाही, म्हणून ती आणखीच अवघडली होती.

"अण्णा, पाहुणे पुढं पोचत्यात आन् तुम्ही मागं राहता. उद्या कुणाला काय झालं तर? तुमाला जमत नसंल तर शेडमधलं काम बघा. फेरीवर दुसरा माणूस घेऊ."

शेडमध्ये बसलं म्हणजे जांभळीचं वळण सुटलं, आणि वळण सुटलं म्हणजे ती तिथे धुक्यात एकटी राहणार. "जमतंय आक्का," तो घाईने म्हणाला. "हितनं पुढं उशीर हुणार न्हाय." त्याने शब्द दिला आणि तो पाळायचा असंही ठरवलं.

भादव्यातली दुपार होती. दिवसभर धुकं उठलंच नव्हतं, आणि वर डोंगरात पाऊस असल्याचा वास येत होता. जयाबाईने टपरी उघडलीच नव्हती. पाहुणे केव्हाच पुढे गेले होते. मागे राहिली होती फक्त नीलम, निपाणीच्या एका बँकेत काम करणारी, शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच सायकलवर बसलेली. भीमरत्नने तिला चढ चढवत चढवत जांभळीच्या वळणापर्यंत आणलं.

"आता उतार हाय. ब्रेक धरून हळू जावा," तो म्हणाला. "फरशी आली की उतरून चालत जावा. म्या आलोच."

ती धुक्यात दिसेनाशी झाली. त्याने लगेच निघायला हवं होतं, शब्द दिला होता. पण अंगठा घंटीवर गेला. दोनदा.

मागून एकदा. इतक्या जवळून कधीच आली नव्हती. दहा पावलांवर कुणी उभं असावं तशी.

त्याने सायकल वळवली आणि हातात धरून मागे चालू लागला. "सुविधा?" तो म्हणाला. ते नाव तोंडातून काढून किती काळ लोटला होता! "अगं ये की. हितं हाय म्या."

तेवढ्यात खालून, फरशीच्या बाजूने, शिट्टी वाजली.

तो थबकला. त्याला राग आला, खरं सांगायचं तर त्या पोरीचाच राग आला. आत्ताच का पडायचं होतं हिला? शिट्टी पुन्हा वाजली, लांबट, आणि मध्येच तुटली. मागून घंटी आली, एकदा, शांत, रविवारी यायची तशी. पुढे शिट्टी, मागे घंटी, आणि मध्ये हा. वळला नाही तर एक पोर जाते. वळला तर ही आत्ता इतक्या जवळ आलेली परत येईल की नाही कोण सांगणार?

"थांब गं हितंच," तो धुक्याला म्हणाला. "सुविधा, थांब. तिला आणतो आन् येतो."

मग त्याने पाठ फिरवली. आयुष्यात इतकं जड त्याला काही गेलं नव्हतं. उतारावरून जाताना तो रडत होता आणि रडता रडता ब्रेक धरत होता.

फरशीवरून पाणी वाहत होतं. वरच्या पावसाने ओढा फुगला होता. नीलम उतरली होती, पण पाण्याने सायकलच ओढली आणि तिलाही बरोबर घेतलं. फरशीच्या कडेच्या दगडाला ती दोन्ही हातांनी धरून होती, पाणी छातीशी आलेलं, आणि एक पाय सायकलच्या मागच्या चाकात अडकलेला. भीमरत्न कमरेइतक्या पाण्यात उतरला. ओढून पाय निघेना. मग त्याने पाण्याखाली हाताने चाचपून चाकाचा खटका शोधला, मोकळा केला, चाक सुटलं, पाय सुटला. चाक ओढ्याने नेलं. त्याने नीलमला काखेत धरून पलीकडच्या काठावर घेतलं आणि मग आपली सायकलही आणली.

परतीच्या वाटेवर ती बोलू लागली. तो तिला आपल्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून सायकल हाताने ढकलत होता.

"काका, तुमच्या आधी इथनं पुढं कोण गेलतं?"

"कोण न्हाय. सगळे कवाच पोचले."

"मग घंटी कुणाची होती?"

त्याचे पाय थांबले.

"मी पाण्यात पडले तवा हात सुटतच आलते," ती म्हणाली. "शिट्टी गळ्यात हाय हेपण सुचंना. मग पलीकडनं घंटी वाजली, फरशीच्या पुढच्या अंगानं. वाटलं, कुणीतरी हाय, मला बघतंय. तेवढ्यानं धीर आला, मग शिट्टी मारली. पण तुम्ही तर मागनं आलात."

"किती वेळा वाजली?" त्याने विचारलं.

"दोनदा. थांबायची, परत दोनदा."

दोनदा पुढचा वाजवतो. मागे राहिलेल्यासाठी पुढच्याने वाजवायची असते ती. सुविधा पुढे गेली होती, त्या तांबड्या दिव्याबरोबर, याच वळणावरून, त्याच्या डोळ्यांदेखत. मागे तोच राहिला होता, आणि मागून यायची ती एक घंटीही त्याचीच होती. आणि एवढे दिवस हा माणूस पाठीमागे कान लावून तिला हाका मारत उभा होता.

फार्मवर पोचले तेव्हा सूर्य मावळून गेला होता. घरातल्या चुलीवर झाकण पडलं होतं, पण त्रिशलाने शेडमध्ये पाना-पंपाशेजारी स्टोव्ह पेटवून दूध तापत ठेवलं होतं. नियम घरातल्या चुलीचा, शेडचा नव्हे, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. तिने नीलमला घोंगडीत गुंडाळलं, तिच्या पायावर हळद लावली, आणि मग फाटकाशी उभ्या असलेल्या भीमरत्नकडे आली. तो ओलाचिंब होता.

"अण्णा," ती नेहमीसारखं म्हणाली, "मागं कोण हाय का अजून?"

"न्हाय आक्का. मागं म्या एकलाच."

त्याने स्वतःच्या हाताने कडी घातली. त्रिशलाने त्याला दूध दिलं, बसायला सांगितलं, कपडे देऊ केले. तो म्हणाला घरी जातो. त्याच्या गावाची वाट बागेच्या मागच्या बाजूने जाते. काजूच्या झाडांत धुकं उतरलं होतं आणि थोडा उजेड अजून शिल्लक होता.

बाग संपते तिथे पुढून घंटी वाजली. दोनदा.

या वेळी त्याने मागे वळून बघितलं नाही. तो सायकलवर बसला, अंगठा घंटीवर ठेवला आणि एकदाच वाजवली.