तेराची गाडी आणि माझी नजर

गेल्या आठवड्यात आमच्या साडूने स्पोर्ट्स कार घेतली. सेकंडहँड का होईना, पण खरीखुरी... दोन दारं, दोन सीट, जमिनीला टेकलेली. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखतंय ते अजून थांबलेलं नाही.

साडू म्हणजे शिवानंद, माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा. मोहोळला ठिबक सिंचनाचं दुकान, मूळ गाव अक्कलकोटकडचं, घरात कानडी आणि तोंडावर कायम हसू. गाड्यांमधलं त्याला ओ की ठो कळत नाही.

मला सगळं कळतं. या एका गाडीचे व्हिडिओ मी इतके पाहिलेत की नुसत्या आवाजावरून मॉडेलचं वर्ष सांगतो. बायको याला आजार म्हणते. पण मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि दारात जुनी हॅचबॅक उभी आहे... दात आहेत तर चणे नाहीत, दुसरं काय.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच कमेंटमध्ये मारामाऱ्या नकोत. पुण्यातल्या एका डीलरकडे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या होत्या. निळी २०१३ ची आणि लाल २०१६ ची. शिवानंदचा फोन आला, "साडू, तुमीच चला. कुठल्या सालाची घ्यायची ते तुमीच सांगायचं."

गेलो. माझ्याच हॅचबॅकमधून, वाटेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी खात. तो मजेत गप्पा मारत होता आणि मी मनातल्या मनात जळत होतो.

आता ऐका. तेराची गाडी म्हणजे या मॉडेलमधलं सोनं. गिअर हाताने टाकायचे, स्टिअरिंग जड, रस्त्यातला खडा न् खडा तळहाताला कळतो. पुढे कंपनीने तिला मवाळ करून टाकलं. सोळाची ऑटोमॅटिक, समोर टीव्हीएवढी स्क्रीन, मागे कॅमेरा... दिसायला झकास, पण जीव नाही.

खरं सांगितलं असतं, तर ज्या गाडीसाठी मी इतकी वर्षं झुरलो, ती नेमकी याच्या दारात उभी राहणार होती. ज्याला क्लचचं प्रेम नाही, त्याच्या दारात! सोळाची घेतली असती, तर ती माझ्या लेखी नुसतीच एक महाग गाडी. मग मला सुखाने झोप लागली असती.

मी सोळाची बाजू अशी मांडली की वकिलाने शिकावं. नवी आहे, ट्रॅफिकमध्ये पाय दुखणार नाही, लाल रंग उठून दिसतो, मेहुणीलाही चालवता येईल... यातलं खोटं एकही नव्हतं. फक्त खरं ते सांगितलं नव्हतं.

शिवानंदने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डीलरला म्हणाला, "निळी द्या."

मी उडालोच. "अहो, मी सोळाची म्हणतोय ना!"

"तोंडानं म्हणताय की," तो हसला. "पण तुमचा हात मघापासनं तेराच्या छतावरनं निघंना."

खाली बघितलं. हात खरंच तिथेच होता...

गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी येताना तो गिअर खरडत पुढे आणि मी मागे. पुणे-सोलापूर हायवेभर ती निळी पाठ माझ्या डोळ्यांसमोर. मोहोळला दुकानापाशी थांबून त्याने लोकांना गाडी दाखवली आणि मी हॅचबॅकमध्ये बसून मोबाईल बघत असल्याचं नाटक केलं.

परवा रविवारी सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या सासरी गाडीची पूजा होती. बोळात गाडी शिरेना, म्हणून तोंडाशीच लावली. बॉनेटवर विभूतीचे पट्टे, झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. सगळं सासर गोळा झालं होतं. मी जरा मागेच उभा होतो, चेहरा सांभाळत.

शिवानंदने नारळ उचलला आणि सरळ माझ्याकडे आला. "आमच्या गावाकडं रीत हाय. नवीन वस्तूवर ज्याचा जीव सगळ्यात आदी जडला, नारळ त्याच्याच हातानं फोडायचा. म्हंजे त्याची नजर लागत न्हाय."

म्हणजे भर बोळात जाहीर झालं. नजर कुणाची... तर थोरल्या जावयाची!

मला वाटलं होतं, माझा हेवा माझ्यापाशीच आहे. पण कुणाला आश्चर्यच वाटलं नाही. बायको तोंडावर पदर धरून हसत होती आणि सासूबाई म्हणाल्या, "मग इचारायचं काय त्यात? फोडा लवकर, ऊन लई लागतंय."

फोडला. रागाने म्हणा, लाजेने म्हणा, पहिल्या दणक्यात दोन भकलं झाली. पाणी माझ्याच पँटवर.

मग त्याने चावी दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला. म्हणाला, "मला ते गिअरचं अजून जमंना. तुमीच शिकवा की."

नवी पेठेच्या गर्दीत पहिल्या गिअरच्या वर गाडी गेली नाही. एक रिक्षावाला वाकून आत बघत म्हणाला, "मामा, बसलाय का झोपलाय?" शिवानंद पोट धरून हसला. तळहाताला मात्र खडा न् खडा कळत होता... मी म्हणालो होतो तस्साच.

हेवा गेला का? छे. आज सकाळीसुद्धा हॅचबॅक सुरू करताना तो निळा रंग आठवला आणि पोटात दुखलं. फक्त आता ते सगळ्यांना माहीत आहे, शिवानंदला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं... आणि तरी येत्या रविवारी चावी माझ्याच हातात असणार आहे.