गोधडीचा चौथा कोपरा

नंदुरबारात गोधडी शिवणाऱ्या बायका पुष्कळ, पण गोधडीला जेवू घालणाऱ्या एकट्या बिस्मिल्लाबी. नवरा हयात असताना कापूस पिंजायचा आणि बिस्मिल्लाबी ओट्यावर बसून लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायच्या. तीन कोपरे झाले की हात थांबायचा. त्या दिवशी घरात जे रांधलं असेल त्यातला चिमूटभर तुकडा, बहुतेक वेळा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा, चौथ्या कोपऱ्यात सारायच्या आणि मगच टाका घालून तोंड बंद करायच्या.

कुणी हसलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "उपाशी गोधडी माणूसले ऊब देत नही. उलटी त्यानीच ऊब खायी टाकस."

महजबीन रनाळ्याहून या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला हे सगळं खूळ वाटलं होतं. तसं पाहिलं तर गोधडीचं आणि तिचं जमलंच नाही. तिचा टाका चालायला निघाला की शेजारच्या गल्लीत जायचा. बिस्मिल्लाबी चष्मा वर करून बघायच्या आणि सुई काढून घ्यायच्या. "तू भाकर थाप व माय. हाऊ तुन्हा धंदा नही." ते मात्र खरं होतं. महजबीनची भाकरी तव्यावर अशी फुगायची की सासू कौतुक तोंडानं न करता एक भाकरी जास्त खायची. ओट्यावर सासू, चुलीपुढे सून, अशी वाटणी झाली आणि दोघींचं बरं चाललं.

मग महजबीनचा नवरा अनीस मस्कतला गेला. तो शिंपी. तिकडचे पुरुष पायघोळ पांढरे अंगरखे घालतात, तेच शिवायच्या दुकानात त्याला काम लागलं. दोन वर्षांनी त्यानं महजबीनलाही बोलावलं. बिस्मिल्लाबी धाकट्या मुलाजवळ, जाहिदजवळ राहिल्या. निघताना सासूनं सुनेला काय द्यावं? एक सुई, बोटात घालायचं एक अंगठाण आणि पक्क्या दोऱ्याची दोन रिळं. जिला सरळ टाका येत नाही तिला सुई देणारी ही बाई. महजबीनला तेव्हा हसूही आलं आणि रडूही.

परदेश म्हटलं की इथल्या माणसांच्या डोळ्यांसमोर उंच इमारती उभ्या राहतात. इमारत उंच होतीच. तिच्या चौथ्या मजल्यावर एका खोलीत महजबीन आणि अनीस. स्वयंपाकघर मात्र मजल्यावर एकच, आणि ते दुकानातल्या आठ कारागिरांच्या ताब्यात. त्या पुरुषांच्या गर्दीत जायचा महजबीनला संकोच वाटे, अनीसलाही ते बरं वाटत नसे. म्हणून बेकरीची रोटी आणि हॉटेलातली पातळ डाळ. सकाळी तीच, दुपारी तीच. जिच्या हातची भाकरी सासू मोजून एक जास्त खायची, तिनं अकरा महिने तवा पाहिला नाही. आधी तिला राग आला, मग भूकच लागेना. अंगावरचे कुडते ढगळ झाले.

शुक्रवारी नमाजनंतर घरी फोन व्हायचा. ती सांगायची, मटण केलं, पुलाव केला. कुणासाठी खोटं बोलत होती? सगळ्यांसाठीच. म्हातारीला घोर नको, अनीसला कमीपणा नको.

दिवस सरता सरेनात. अनीस दुकानातून कापडाच्या चिंध्या आणायचा, फरशी पुसायला. सगळ्या पांढऱ्या. एके दिवशी तिनं त्यातली एक पुसायला घेतली आणि पुसलीच नाही. चांगलं सुती कापड, हात लावला की थंड. तिनं पेटीतून सासूची सुई काढली. पांढऱ्यावर पांढरं, त्यावर पांढरा दोरा. टाका वाकडा गेला तरी कुणाला दिसणार होता? बघायला सासू नव्हती, म्हणूनच की काय, हात हळूहळू सरळ चालू लागला. पाच महिन्यांत एक अख्खी गोधडी झाली.

चौथ्या कोपऱ्याशी ती थांबली. घरात रांधलेलं काहीच नव्हतं. बेकरीच्या रोटीचा तुकडा हातात घेतला आणि तिला लाज वाटली. विकतच्या रोटीनं सासूच्या गोधडीचं पोट कसं भरायचं? तिनं तुकडा खाली ठेवला आणि कोपरा रिकामाच शिवून टाकला. हे एवढंसं कोण बघतंय, असं म्हणून.

ती गोधडी नंदुरबारला निघालेल्या एका कारागिराच्या सामानातून सासूकडे गेली. कारण असं, की साऱ्या गावाला पांघरूण शिवून देणाऱ्या बिस्मिल्लाबींकडे स्वतःची धड गोधडी नव्हती. होती ती विरून जाळी झालेली. आता हात थरथरायचे, सुईत दोरा जायचा नाही. आणि सातपुड्यावरून वारं सुटलं की नंदुरबारची थंडी म्हाताऱ्या हाडांना सोडत नाही.

पुढच्या शुक्रवारी महजबीननं मोठ्या आशेनं विचारलं. सासूनं गोधडीबद्दल अक्षर काढलं नाही. नुसतं विचारलं, "आज काय रांधं?"

तिनं घाबरत जाहिदला फोन द्यायला सांगितलं. जाहिद म्हणाला, "भाभी, अम्मीनी हात फिराया आनि पेटीमा ठेवी दिन्ही. पांघरत नही. पांढरी शे ना, कफनसारखी वाटत व्हई."

खरंच की! सत्तरीच्या बाईला कुणी पांढरं पांघरूण पाठवतं? जाहिदच्या या एका वाक्यानं ती दोन दिवस अंथरुणाला खिळली आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागली. अम्मी पांघरतील अशी गोधडी आता करायचीच, आणि पांढऱ्याला रंग चढवायचा.

देव एक दार लावतो तेव्हा शेजारचं उघडतो, ते हे असं. त्याच सुमारास त्यांना खालच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आणि दुसरी खोली म्हणजे महजबीनचं स्वतःचं स्वयंपाकघर. शेजारी एक बलुची खाला, म्हणजे मावशी, राहायची. मोडक्या हिंदीत बोलणारी, धट्टीकट्टी, दिवसभर काहीतरी शिजवत असलेली. ती माशाच्या कालवणात वाळवलेली काळी लिंबं टाकायची. महजबीननं तिला नंदुरबारची मिरची दिली, तिनं महजबीनला लिंबं. एकदा लिंबाचं पाणी चिंधीवर सांडलं आणि धुतलं तरी राखाडी-तपकिरी डाग राहिला. खाला चुकचुकली. महजबीन मात्र त्या डागाकडे बघतच राहिली.

त्या दिवसापासून तिच्या घरात एक पातेली जेवणासाठी आणि एक चिंध्यांसाठी चढू लागली. डाळिंबाची सालं उकळून पिवळट मातकट रंग आला. कांद्याच्या टरफलांचा तांबूस. चहाचा बदामी. हळदीचा तर असा झळझळीत, की ती नाचायचीच बाकी राहिली. कापड चार दिवस गच्चीवर वाळत घातलं आणि रंग उडून गेला. मग खालानं शिकवलं, कापडाला आधी तुरटी पाजावी, रंग मग धरतो. दुपारी स्वयंपाक करताना तिचं लक्ष चवीपेक्षा रंगाकडेच असायचं. अनीस जेवायला बसला की आधी विचारायचा, हे खायचं आहे की नेसायचं?

फजिती एकदाच झाली, पण ती अस्सल नंदुरबारी. गावाकडे मिरची वाळवायच्या पथारीवर मिरच्या वेचणाऱ्या बायकांची लुगडी लाल होतात, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. लाल रंगासाठी मग दुसरं काय शोधायचं? तिनं शेरभर मिरची उकळली. रंग आला फिकट नारिंगी, आणि ठसका असा, की खाला दार उघडून जिन्यात पळाली. अनीस दुकानातून आला तो शिंकत शिंकत परत दुकानातच गेला. तीनदा धुतली तरी ती चिंधी झोंबायची राहिली नाही. बाकी सगळ्या टाकून तिनं एकच चौकोन ठेवला. गोधडीच्या मधोमध लावायला. गावची वस्तू आहे, टाकवेना.

दर शुक्रवारी फोनवर सासू विचारायची, "आज काय रांधं?" आता उत्तर खरं असायचं. कालवण, खिचडी, लिंबाचा मासा. तरी सासूचा तो प्रश्न थांबत नव्हता, आणि महजबीनला वाटायचं, म्हातारी मुद्दाम टोचते. भाकर थाप, गोधडी तुझा धंदा नाही, हेच ती आडून सांगते आहे. रंगीत गोधडी शिवायला तिला साडेतीन वर्षं लागली. चौथा कोपरा तिनं शिवलाच नाही. गोधडी स्वतः घेऊन जावी आणि तो सासूनं भरावा, अशी तिची जिद्द होती.

महजबीनला तिकडे सात वर्षं झाली तेव्हा दुकान बंद झालं आणि दोघं परत आली. डिसेंबर होता. बिस्मिल्लाबी ओट्यावर उन्हात बसल्या होत्या, अंगावर तीच जाळी झालेली गोधडी. पार वाळल्या होत्या. महजबीननं सलाम करून सामानातली गोधडी काढली आणि त्यांच्या मांडीवर पसरली. पिवळट, तांबूस, बदामी, राखी. गल्लीतल्या बायका जमल्या. बिस्मिल्लाबींना आता धड दिसत नव्हतं. त्यांनी नाकाजवळ नेली, मधल्या चौकोनाशी आल्या आणि सणसणीत शिंकल्या.

"हाई नंदुरबारनी शे," त्या म्हणाल्या. बोटं टाके मोजत पुढे सरकली, कुठेच अडली नाहीत. चौथ्या कोपऱ्याशी थांबली. "हाऊ उघडा काब्र ठेवा?"

"तुम्ही भरा, अम्मी. पहिली तुमले आवडनी नही. पांढरी व्हती."

"कोनी सांगं, पांढरी व्हती म्हनीसन?"

"जाहिदनी."

"जाहिदले काय कळस? मन्ही पेटी उघड."

पत्र्याच्या पेटीत वरच ती पांढरी गोधडी होती. तीन कोपरे जसेच्या तसे. चौथ्याचे टाके उसवलेले होते आणि कोपरा लिंबाएवढा फुगलेला. महजबीननं हात लावला तर आत काहीतरी खुळखुळलं. तिनं थोडं तळहातावर ओतलं. उन्हात वाळवलेले भाकरीचे कण. फुटाणे. ज्वारी. तांदूळ. एका वाळक्या मिरचीचं देठ. पेटीत कडुनिंबाचा पाला टाकून म्हातारीनं ते किड्यामुंगीपासून जपलं होतं.

"गोधडी उनी, तवय चारी कोपरासवर हात फिराया," बिस्मिल्लाबी म्हणाल्या. "एकमा बी दाना नही. माले तवयच समजनं, मन्ही पोर तठे उपाशी शे. तू फोनवर सांगस, मटण रांधं. मी ऐकी लिन्हं. उपाशी पोरनी गोधडी मी कशी पांघरू? मंग दर शुक्रवारले तुन्हा घास आठे ठेवा."

महजबीननं तळहातावरचे दाणे परत त्या कोपऱ्यात भरले. मस्कतला आसपासच्या कुणाला जे कळलं नाही, ते एका रिकाम्या कोपऱ्यानं नंदुरबारला जाऊन सांगितलं होतं. इतकी वर्षं ती ज्याला टोचणं समजत होती, तो जेवायला बोलावणारा आवाज होता. हे कळायला इतका उशीर झाला याचं तिला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

"अकरा महिना, अम्मी," ती म्हणाली. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "तठे चूल नही व्हती."

"माहीत शे माले. आते ऊठ. भाकर थाप."

तिनं कळण्याचं पीठ मळलं. सात वर्षांनी त्या घरातला तवा तिच्या हातानं तापला आणि भाकरी पूर्वीसारखीच फुगली. ती घेऊन ओट्यावर आली तेव्हा बिस्मिल्लाबींनी पांढरी गोधडी खांद्यांभोवती पांघरून घेतली होती आणि रंगीत नुसती मांडीवर होती. त्यांनी भाकरी मोडली. महजबीननं सुईत दोरा ओवून रंगीत गोधडीचा उघडा कोपरा पुढे धरला.

"थांब," त्या म्हणाल्या, आणि पहिला घास महजबीनच्या तोंडात घातला. दुसरा गोधडीला दिला.