जिथे बस जात नाही ती टेकडी

शहर-अभ्यासाच्या पदवीला चोवीस विषय लागतात. इसिकेली रोकोबुलीचे तेवीस झाले होते, सुवा शहरात बस चालवता चालवता. दहावं वर्ष चालू होतं, आणि दहा वर्षांत पदवी पुरी झाली नाही तर सुरुवातीचे विषय बाद होऊ लागत.

उरलं होतं ते क्षेत्रकार्य. नियम दोन ओळींचा होता. विद्यार्थ्याने स्वतःला अनोळखी असलेल्या शहरी वस्तीची पाहणी करावी. वस्तीप्रमुखाची लेखी परवानगी अहवालाला जोडावी.

बावीस वर्षं बस चालवणाऱ्याने अनोळखी वस्ती आणायची कुठून? कुठल्या वळणावर कोणती म्हातारी दालोच्या कंदांचं पोतं घेऊन चढते, हेही त्याला पाठ होतं.

"मास्तर, एक दिवस डोळे बांधून चालव," डेपोतला बिसुन म्हणाला. "सगळं शहर अनोळखी होईल."

"आणि प्रवासी?"

"ते तुझ्या गाडीत तसेही डोळे मिटूनच बसतात."

शेवटी त्याला देलाईसारीची टेकडी आठवली. एकतीस घरं, एकतीस फाटकं. बस वर कधी गेलीच नव्हती. गोंगाट नको म्हणून तिथल्या लोकांनी दोनदा अर्ज करून ती अडवली होती. घरकामाच्या बायका रोज सकाळी खालच्या थांब्यावर त्याच्याच बसमधून उतरत आणि चढण चालून जात.

विद्यापीठातल्या विभागप्रमुख डॉ. लितिया वेरेमाऊंनी टेकडीचं नाव लिहिलेला कागद परत सरकवला. "क्षेत्रकार्य गरजू वस्तीत करतात."

"नियमात गरजू कुठंय, मॅडम? अनोळखी आहे."

आपण त्याच टेकडीवर राहतो हे त्यांनी सांगितलं नाही. आपल्याला ते ठाऊक आहे हे त्यानेही सांगितलं नाही.

"बरं. प्रमुखाची परवानगी शुक्रवारी चारच्या आत. नाहीतर विषय संपला."

दुसऱ्या कुठल्याही वस्तीत हे अर्ध्या तासाचं काम. मानाचं पेय बनतं त्या यांगोनाच्या मुळ्यांची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळायची, मुखियाचं घर विचारायचं, चटईवर बसून जुडी पुढे ठेवायची. त्याने ती घेतली की वस्ती आपली.

इसिकेली ठेवणीतला सुलू लुंगीसारखा नेसला, त्याने जुडी काखेत मारली आणि तो टेकडी चढला. पहिल्या फाटकावर कुत्रं होतं. दुसऱ्यावर भिंतीतून आवाज आला, "काही नको!" पाचव्या घरचा माणूस म्हणाला, "प्रमुख? इथं तसलं काही नसतं. तुम्ही नळवाले ना?"

तीन दिवसांत तीस फाटकं झाली. त्याने सगळी टिपून ठेवली. शुक्रवारी दुपारी दोनला तो एकतिसाव्यासमोर उभा होता.

दार मॅडमनीच उघडलं. "तुम्ही? इथे?"

"प्रमुखाला भेटायचंय."

"इथे प्रमुख नाही, इसिकेली."

"शेजारच्यांनी तर फाटकच उघडलं नाही. कोण राहतं तिथं?"

त्यांनी कुंपणाकडे पाहिलं. अकरा वर्षं त्या इथे राहत होत्या. "माहीत नाही."

"मला माहीत आहे. त्यांची कामाची बाई माझ्या बसने येते. तुमचीही येते."

तो व्हरांड्यातल्या चटईवर बसला, जुडी पुढे ठेवली आणि मान खाली घालून विनंतीचे शब्द म्हटले. बापाने शिकवलेले, जसेच्या तसे.

"हा दबाव आहे," मॅडम म्हणाल्या.

"नाही म्हणा की. तुम्हाला मोकळीक आहे. पण आणलेली जुडी परत न्यायची रीत आमच्याकडे नाही, आणि तुमच्या गावीही नसणार."

त्या चटईवर बसल्या. जुडी उचलली आणि स्वीकारल्याची खूण म्हणून ओंजळ पोकळ करून तीनदा टाळी वाजवली.

परवानगीच्या कागदावरचा 'प्रमुख' हा शब्द त्यांनी खोडला. वर 'रहिवासी' लिहून सही केली. "खरं एवढंच आहे."

"चालेल. बाकीचं अहवालात आहे."

"काय आहे?"

"या वस्तीला प्रमुख नाही. शेजारी एकमेकांना ओळखत नाहीत. सगळ्यांना ओळखतात त्या फक्त कामाच्या बायका. आणि त्याच रोज चढण चालून येतात, म्हणून बस वर यायला हवी."

मॅडमनी गाडीची किल्ली उचलली. "चला, विभागात सोडते."

"नको," इसिकेली म्हणाला. "थांब्यापर्यंत चालत किती मिनिटं लागतात, ते मोजायचं राहिलंय."